भावनांना दारं धरायला शिकवू या



"रागवू नकोस", "रडू नकोस", "घाबरतोस कशाला?" ही तीन वाक्यं आपण दिवसातून किती वेळा बोलतो याची मोजदाद केली तर आकडा मोठा निघेल. वर्गात बोलतो, घरी बोलतो, मुलाला शाळेच्या फाटकात सोडतानाही बोलतो. या वाक्यांत मुलानं काय करू नये ते आहे, मग काय करावं ते कुठेच नाही. भागाकार चुकला तर आपण "चुकू नकोस" एवढं म्हणून थांबत नाही, फळ्यावर पायऱ्या मांडून दाखवतो. भावनांच्या बाबतीत मात्र पायऱ्या शिकवायच्या राहून जातात.

या लेखात त्या पायऱ्या पाहू. शास्त्र काय सांगतं ते थोडक्यात, आपल्या सातारा-सांगलीच्या माणसांनी काय केलं ते जरा सविस्तर आणि शेवटी वर्गात-घरात काय करता येईल ते.

भावना कशासाठी असतात?

भीती वाटते म्हणून आपण विहिरीच्या कठड्यावरून मागं सरतो. राग येतो तेव्हा काहीतरी अन्यायाचं घडलंय किंवा आपली वाट अडलीय, असं मन सांगत असतं. दुःख झालं की माणूस थांबतो आणि जवळची माणसं त्याच्यापाशी येतात. म्हणजे प्रत्येक भावना एक निरोप घेऊन येते आणि सोबत थोडी ताकदही आणते. छाती धडधडते, हातापायांत जोर येतो, लक्ष एका ठिकाणी खिळतं. ही ताकद उपयोगाची की नुकसानीची, हे ती कुठं वळते त्यावर ठरतं.

हे समजावायला आपल्याकडं शेतापेक्षा चांगलं उदाहरण नाही. कृष्णाकाठच्या पोराला "उसाला दारं धरणं" म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी आलं की खोरं घेऊन उभं राहायचं. एक सरी भरली की तिचं तोंड मातीनं बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. पाणी नुसतं अडवून धरलं तर ते बांध फोडून शेजाऱ्याच्या रानात जातं. मोकळं सोडलं तर एक सरी तुडुंब आणि बाकीचं रान कोरडं. भावनेचंही तसंच आहे. दाबली तर कुठून तरी फुटते, मोकळी सोडली तर आपल्यालाच वाहून नेते. तिला दारं धरायची असतात.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना मांडली. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकामुळे ती जगभर पोहोचली. सॅलोव्ही-मेयर यांनी पुढे तिचे चार भाग सांगितले.

१. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणे.
२. विचार करताना त्या भावनांचा उपयोग करून घेणे.
३. भावना कशातून येतात, कशात बदलतात हे समजणे.
४. ध्येयाला धरून त्यांचं नियमन करणे.

आपण बहुतेक वेळा थेट चौथ्या पायरीवर उडी मारतो. पहिल्या तीन न शिकवता "आवर स्वतःला" म्हणणं म्हणजे पाढे न शिकवता भागाकार घालण्यासारखं आहे.

रागाचं काय करायचं? खाशाबांची गोष्ट

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६. लाल मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा समोर माती नव्हती, गादी होती. नियमही वेगळे होते. तिथं ते सहावे आले. पदक हुकल्याचं दुःख झालंच असणार. पण त्यानंतरच्या चार वर्षांत त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. ते आधीपेक्षा वरच्या वजनगटात उतरले, गादीवरच्या कुस्तीची तयारी केली आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं लक्ष्य ठेवलं.

मध्ये एक मोठा अडथळा आला. १९५२ च्या निवडीत आपल्यावर अन्याय झाला, असं त्यांना वाटलं. इथं रागाला तीन वाटा होत्या. एक, घरी येऊन गप्प बसायचं. दोन, तिथंच भांडण काढायचं आणि नाव खराब करून घ्यायचं. तिसरी वाट त्यांनी धरली. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली, ती त्यांनी जिंकली आणि संघात जागा मिळवली.

मुलांना ही गोष्ट सांगताना मी इथं थांबते आणि विचारते, "खाशाबांना राग आला होता का नव्हता?" पोरं म्हणतात, "लय आला असंल." मग विचारते, "तो राग गेला कुठं?" मग उत्तरं येतात. अर्ज करण्यात गेला, कुस्तीत गेला, प्रवासाचे पैसे गोळा करण्यात गेला. राग गिळला नाही आणि उधळलाही नाही.

पैशांची गोष्टही सांगायला हवी. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसला १९९६ मध्ये मिळालं, म्हणजे ४४ वर्षांनी. परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्या भरवल्या आणि त्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. कृतज्ञता ही सुद्धा भावनाच आहे. तिला 'धन्यवाद' या शब्दापाशी न थांबवता कामाला कसं लावायचं, ते यात दिसतं.

पाणी कुठं वळवायचं? पाच जागा

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये भावना-नियमनाचा एक सोपा आराखडा मांडला. भावना उमटते तिथपासून ती कृतीत उतरेपर्यंत पाच जागी आपण तिला वळवू शकतो. शाळेतल्या उदाहरणांसह बघा.

१. प्रसंग निवडणे. दोन मुलांचं एका बाकावर बसलं की रोज वाजतं. त्यांनी स्वतःच जागा बदलून मागितली, तर ते भावना-नियमनच झालं.

२. प्रसंग बदलणे. भाषणाची भीती वाटते, पण मैत्रीण पहिल्या रांगेत समोर बसली तर बोलता येतं. प्रसंग तोच, त्यात थोडा बदल.

३. लक्ष वळवणे. लस टोचताना आई "ते बघ कावळा" म्हणते, ती हीच युक्ती.

४. अर्थ बदलणे. "माझी छाती धडधडतेय, म्हणजे मी घाबरलो" याऐवजी "छाती धडधडतेय, म्हणजे शरीर तयारीत आहे".

५. उमटलेली भावना सांभाळणे. खोल श्वास, पाणी पिणे, दहा आकडे मोजणे किंवा चेहरा कोरा ठेवून ती नुसती दाबून टाकणे.

आपला "रडू नकोस" हा उपदेश पाचव्या जागेवरचा आहे, आणि त्यातही शेवटच्या, सगळ्यात कमकुवत प्रकारातला. तोपर्यंत पाणी बांधापर्यंत आलेलं असतं. ग्रॉस यांच्या प्रयोगांत असं दिसलं की भावना चेहऱ्यावर दाबून धरली तरी आतला ताण कमी होत नाही, शरीरावर उलट जास्त भार येतो. शिवाय दाबण्याकडं लक्ष गेल्यामुळं त्या वेळी ऐकलेलं-पाहिलेलं कमी लक्षात राहतं. वर्गासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. रडू दाबून बसलेलं मूल शांत दिसतं, पण त्या तासाला त्याच्या डोक्यात फारसं काही शिरत नसतं.

चौथ्या जागेबद्दल हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांचं २०१४ चं संशोधन सांगते. गाणं, भाषण आणि गणिताची परीक्षा यांच्याआधी काही जणांना "मी शांत आहे" असं आणि काही जणांना "मला उत्साह वाटतोय" असं म्हणायला लावलं. उत्साहवाल्यांची कामगिरी सरस ठरली. कारण साधं आहे. भीती आणि उत्साह दोन्हींत छाती धडधडतेच. धडधड थांबवणं अवघड, तिला दुसरं नाव देणं सोपं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला २६ जानेवारीच्या भाषणाआधी हातापायाला घाम फुटायचा. "घाबरू नकोस" म्हणण्याऐवजी आम्ही तिला एक वाक्य दिलं, "माझं इंजिन गरम झालंय." ती हसली, स्टेजवर गेली. मधे एकदा अडखळली, पण खाली न उतरता भाषण पूर्ण केलं. प्राथमिकच्या मुलासाठी एवढं यश भरपूर आहे.

एका बाणानंतर दुसरा: आदिती स्वामी

तिसऱ्या जागेचं, म्हणजे लक्ष वळवण्याचं उत्तम उदाहरण तिरंदाजीत मिळतं. साताऱ्याची आदिती स्वामी ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये कंपाउंड तिरंदाजीची जगज्जेती झाली. वय फक्त १७. अंतिम सामन्यात तिनं मेक्सिकोच्या आंद्रिया बेसेराला १४९-१४७ असं हरवलं.

हा आकडा मुलांना फळ्यावर उलगडून दाखवा. कंपाउंडच्या सामन्यात १५ बाण, प्रत्येकी जास्तीत जास्त १० गुण, एकूण १५०. म्हणजे १४९ गुणांत चौदा वेळा १० आणि एकदाच ९. अंतर ५० मीटर. दहाचं वर्तुळ किती मोठं? व्यास ८ सेंटिमीटर. घरातल्या छोट्या वाटीएवढं. एका बाणासाठी वेळ २० सेकंद.

आता विचार करा, नऊ पडल्यावर त्या नवाचाच विचार करत बसलं तर पुढच्या दहाचं काय होईल? म्हणून तिरंदाजांना प्रत्येक बाणासाठी तोच ठरलेला क्रम शिकवतात. उभं राहणं, पकड, श्वास, ओढणं, नेम, सोडणं. मागचा बाण कसाही गेलेला असो, क्रम पुन्हा पहिल्यापासून. लक्ष निकालावरून उचलून कृतीवर ठेवायचं ही ती युक्ती.

आणखी एक गोष्ट. आदल्याच दिवशी आदितीनं ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर यांच्यासोबत भारताला सांघिक सुवर्ण मिळवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी उपांत्य सामन्यात समोर उभी होती तीच ज्योती. काल एका संघात, आज एकमेकींसमोर. वर्गातल्या जिवलग मैत्रिणींमध्ये पहिल्या नंबरावरून अबोला धरला जातो, तेव्हा ही गोष्ट जरूर सांगावी.

शिष्यवृत्तीच्या सराव पेपरला हाच क्रम आम्ही वापरतो. प्रश्न वाच, काय विचारलंय त्याखाली रेघ मार, सोडव, गोल रंगव, श्वास घे, पुढचा प्रश्न. एक मुलगा अवघड गणित आलं की पेपर चुरगाळायचा. त्याच्याबरोबर बसून एक 'जर-तर' वाक्य ठरवलं: "जर गणित सुटलं नाही, तर मी त्यावर टिंब देईन आणि पुढच्यावर जाईन." मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा जर-तर योजनांवर पुष्कळ काम केलंय. "मी चिडणार नाही" या संकल्पापेक्षा "चिडलो तर हे करीन" हे वाक्य जास्त टिकतं, कारण ऐन वेळी विचार करावा लागत नाही. त्या मुलाचे पेपर आता टिंबांनी भरलेले असतात, पण चुरगाळलेले नसतात.

दुःख झालं तर? मुरलीकांत पेटकर

काही दुःखं लक्ष वळवून जात नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. बॉक्सिंग संपलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकून आले. भारताचं हे पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथं शिकण्यासारखं हे की ध्येय गाठायची एक वाट बंद झाली, तर दुःख करायला वेळ द्यावा लागतो, आणि मग ध्येयाची नवी वाट शोधावी लागते. १९६५ ते १९७२, मध्ये सात वर्षं आहेत. गोष्ट सांगताना आपण ती सात वर्षं एका वाक्यात उडवतो, आणि मग मुलाकडून मात्र संध्याकाळपर्यंत "विसरून जा" अशी अपेक्षा करतो. आजी गेलेल्या मुलाला आठवडाभर अभ्यास सुचत नसेल, तर ते नियमन चुकल्याचं लक्षण नाही.

शब्द द्या, मग संयम मागा

पहिली पायरी ओळखण्याची. मुलाला विचारा, "काय झालं?" उत्तर ठरलेलं, "कसंतरी होतंय." नाहीतर "राग आला." दोनच खण आणि त्यांत सगळ्या भावना कोंबलेल्या. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं की भावनेला नेमका शब्द दिला की मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी होते.

आणि शब्दांच्या बाबतीत आपली मराठी किती श्रीमंत आहे! हिरमुसणं, खट्टू होणं, ओशाळणं, चडफडणं, धास्तावणं, भांबावणं, हुरहुर, कानकोंडं होणं, भरून येणं, उचंबळणं. यातला प्रत्येक शब्द वेगळा आहे. खेळायला घेतलं नाही म्हणून मूल हिरमुसतं, चोरी पकडली गेली की ओशाळतं, काही करता येत नाही म्हणून चडफडतं. तिघांवर इलाजही वेगळे. हिरमुसलेल्याला सोबत हवी, ओशाळलेल्याला चूक सुधारायची संधी हवी, चडफडणाऱ्याला काहीतरी करता येण्यासारखं काम हवं. तिघांना मिळून "राग आलाय त्याला" म्हटलं की इलाज चुकतो.

वर्गात करता येण्यासारखं:

• भावनांची भिंत. आठवड्याला एक शब्द, त्याचा प्रसंग मुलं सांगतील, चित्र काढतील. परिसरातल्या बोलीतले शब्दही घ्या.
• सकाळची हजेरी. 'हजर' ऐवजी आठवड्यातून एकदा एक भावना-शब्द. ज्याला सांगायचं नाही त्यानं 'हजर' म्हणावं, सक्ती नको.
• गोष्टीतल्या पात्राला राग आला तेव्हा त्याच्यापुढे कोणत्या तीन वाटा होत्या, हे प्रत्येक धड्याला एकदा विचारणे.
• वहीच्या मागच्या पानावर स्वतःचं एक जर-तर वाक्य.

पालकांसाठी दोन शब्द

वॉल्टर मिशेल यांचा मार्शमेलोचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. लहान मुलापुढे एक गोळी ठेवायची, "मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील" असं सांगायचं. थांबू शकणारी मुलं पुढे यशस्वी होतात, एवढाच निष्कर्ष सगळीकडं फिरतो. पण २०१८ मध्ये जास्त मुलांवर केलेल्या अभ्यासात हा संबंध बराच कमकुवत निघाला, घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा होता. आणि २०१३ च्या एका प्रयोगात तर आणखी मोलाची गोष्ट दिसली. ज्या मुलांना आधी दिलेला शब्द मोठ्या माणसानं पाळला, ती सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना आधी फसवलं गेलं, ती ३ मिनिटं.

म्हणजे मुलाचा संयम आपल्या शब्दावर उभा असतो. "परीक्षा झाली की सायकल घेऊ" म्हणून नंतर टोलवलं, तर पुढच्या वेळी ते मूल थांबणार कशाच्या भरवशावर? जमणार नसेल तर आधीच सांगावं. खरं सांगितलेलं पोरांना समजतं.

एक सावधगिरी

भावना सांभाळायला शिकवणं म्हणजे मुलांना गप्प बसायला शिकवणं नव्हे. अन्याय झाला तर राग आलाच पाहिजे, खाशाबांना आला होता. "मुलगा असून रडतोस?" आणि "मुलीच्या जातीला एवढा राग?" ही दोन्ही वाक्यं बंद करायला हवीत. तसंच मन सांभाळलं की सगळं मिळतं, असंही नाही. हेलसिंकीत खाशाबांना एका लढतीनंतर पुरेशी विश्रांती न मिळता पुढच्या लढतीला उभं राहावं लागलं आणि ते हरले. तिथं मनाच्या ताकदीपेक्षा त्यांच्या बाजूनं बोलणारा एक माणूस हवा होता. मुलांच्या बाजूनं बोलणारा तो माणूस आपण असायला हवं.

काही वेळा आपल्या युक्त्या पुरत नाहीत. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या कितीतरी मुलांना जोराचा पाऊस लागला की भीती वाटायची. भीती, चिडचिड, अबोला आठवडेच्या आठवडे टिकला, मूल खाईना-झोपेना, तर समुपदेशकाकडं किंवा डॉक्टरांकडं न्यायला संकोच करू नका. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर वर्गाच्या दाराशेजारी लावून ठेवावेत.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. त्यासाठी वेगळा तास मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत उद्या कुणी रडत आलं, तर "रडू नकोस" म्हणायच्या आधी एवढं विचारून बघा: "तुला नेमकं काय वाटतंय? आणि तुला काय व्हायला हवंय?" पहिल्या प्रश्नानं पाणी कुठं आलंय ते कळतं, दुसऱ्यानं ते कोणत्या सरीत सोडायचं ते.

तुमच्या वर्गातले, घरातले अनुभव जरूर कळवा.